जुना मायक्रोफोन हाती आल्यावर : ओळख, तपासणी, वापर आणि जतन

कोल्हापुरात जुने मायक्रोफोन अनपेक्षित ठिकाणी सापडतात. मंडप आणि स्पीकर भाड्याने देण्याचा व्यवसाय बंद केलेल्या घराच्या माळ्यावर, एखाद्या तालमीच्या कपाटात, गाण्याच्या बैठकी स्पूलवर ध्वनिमुद्रित करणाऱ्या रसिकाच्या संग्रहात, तर कधी भंगाराच्या ढिगातही ते पडून असतात. असा माईक पहिल्यांदाच हाती आला की बहुतेक जण तो मिक्सरला जोडतात, त्यावर फुंकर मारतात आणि आवाज येतो का ते पाहतात. पन्नास-साठ वर्षे सुखरूप राहिलेला माईक नेमका याच घाईत निकामी होऊ शकतो. म्हणून नवख्या व्यक्तीसाठी माझा पहिला आणि सर्वांत आग्रहाचा सल्ला असा आहे की, आत कोणती यंत्रणा आहे हे कळेपर्यंत माईकला वीज देऊ नये, त्यावर फुंकू नये आणि त्याचा एकही स्क्रू उघडू नये.

यंत्रणेचे प्रकार

जुन्या मायक्रोफोनचे प्रमुख प्रकार पाचच आहेत, आणि ते समजले की पुढचे जवळजवळ सगळे निर्णय आपोआप घेता येतात.

सर्वांत जुना प्रकार कार्बनचा. १८७० च्या दशकाच्या उत्तरार्धात एडिसन, बर्लिनर आणि ह्यूज यांनी वेगवेगळ्या ठिकाणी या तत्त्वावर काम केले. पडद्यामागे कार्बनचे कण भरलेले असतात. आवाजाने पडदा दाबला गेला की कण एकमेकांना घट्ट चिकटतात, त्यांचा रोध कमी होतो आणि बॅटरीतून वाहणारा प्रवाह आवाजाबरहुकूम कमी-जास्त होतो. म्हणजे हा माईक स्वतः वीज निर्माण करत नाही, बाहेरून आलेल्या विजेवर नियंत्रण ठेवतो. अ‍ॅम्प्लिफायर नसलेल्या काळात टेलिफोन चालला तो यामुळेच. काळ्या बेकेलाइटच्या जुन्या टेलिफोनच्या रिसिव्हरमध्ये बोलण्याच्या बाजूला जी गोल डबी असते, ती याच प्रकारची आहे, आणि शिकाऊ माणसाला प्रयोगासाठी तिच्याइतकी स्वस्त वस्तू मिळणार नाही. तिला सतत खरखर असते, आणि दमट हवेत कण गोळा होऊन बसले की आवाज दबतो. हाताने हलकेच टिचकी मारली तर तो पुष्कळदा परत येतो.

दुसरा प्रकार क्रिस्टलचा. रोशेल सॉल्ट नावाच्या क्षाराच्या स्फटिकाला वाकवले की त्याच्या दोन पृष्ठभागांमध्ये विद्युतदाब निर्माण होतो. अमेरिकेतील अ‍ॅस्टॅटिक कंपनीचा १९३३ मधील डी-१०४ हा या प्रकाराचा प्रसिद्ध नमुना. असे माईक स्वस्त होते आणि त्यांचा आवाज मोठा येत असे, म्हणून घरगुती टेपरेकॉर्डर आणि लहान सभांसाठी ते फार वापरले गेले. मात्र हा क्षार पाण्यात विरघळतो आणि सुमारे ५५ अंश सेल्सिअसला त्याचा स्फटिक मोडतो. कोल्हापूरचा जुलै-ऑगस्ट आणि मे महिन्यात उन्हात उभी असलेली बंद मोटार, असे दोन्ही शत्रू आपल्याकडे हजर आहेत. त्यामुळे जुन्या क्रिस्टल माईकपैकी बरेचसे आज मुके झालेले आढळतात आणि त्यांची दुरुस्ती म्हणजे नवे एलिमेंट बसवणे एवढीच उरते.

तिसरा प्रकार डायनॅमिक, म्हणजे फिरत्या वेटोळ्याचा. पडद्याला बारीक तारेचे वेटोळे चिकटवलेले असते आणि ते चुंबकाच्या अरुंद फटीत मागे-पुढे हलते. वेन्टे आणि थुरास यांनी तयार केलेला वेस्टर्न इलेक्ट्रिकचा ६१८-ए हा माईक १९३१ मध्ये आला आणि या प्रकाराचा पाया घातला गेला. त्यानंतरची मोठी पायरी १९३९ मधील शुअर कंपनीचा युनिडाइन ५५. त्याआधी फक्त समोरचा आवाज घेणारा माईक हवा असेल, तर एका कवचात दोन वेगळ्या यंत्रणा बसवून त्यांची बेरीज करावी लागे. बेंजामिन बाउअर यांनी एकाच पडद्यावर हे साधले. मागून येणाऱ्या आवाजाला पडद्याच्या पाठीमागे जाण्यासाठी मुद्दाम एक अडथळ्याची वाट ठेवली. त्या वाटेने जाताना आवाजाला इतका उशीर होतो की तो पडद्याच्या पुढच्या आणि मागच्या बाजूला एकाच वेळी पोहोचतो आणि दोन्ही दाब एकमेकांना खोडून काढतात. समोरच्या आवाजाबाबत असे होत नाही. सभेच्या व्यासपीठावर कर्ण्यांचा आवाज माईकमध्ये परत शिरून शीळ वाजण्याचा त्रास या युक्तीने फार कमी झाला. १९६६ चा एसएम ५८ हाच विचार पुढे नेतो. कोल्हापुरात सापडणारे बहुसंख्य माईक डायनॅमिक असतात, आणि नवख्याने सुरुवात याच प्रकारापासून करावी, कारण चुका सोसण्याची ताकद यात सर्वांत जास्त आहे.

चौथा प्रकार रिबनचा, आणि माझ्या मते पाचही प्रकारांत सर्वांत देखणे अभियांत्रिकी काम याच प्रकारात झाले. १९२० च्या दशकात जर्मनीत शॉट्की आणि गेर्लाख यांनी ही कल्पना मांडली, आणि अमेरिकेत हॅरी ओल्सन यांनी आरसीए कंपनीसाठी तिला व्यवहारात आणले; १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला आलेला आरसीए ४४ आणि १९३४ चा बीबीसी-मार्कोनी टाइप ए ही तिची दोन मोठी नावे. यात वेगळा पडदाही नाही आणि वेटोळेही नाही. अ‍ॅल्युमिनियमची सुमारे दोन मायक्रॉन जाडीची, आडव्या चुण्या घातलेली पट्टी दोन चुंबकांच्या मध्ये सैलसर टांगलेली असते, आणि तीच पडदा व तीच तार. पेढ्यावर लावतात तो चांदीचा वर्ख याहून पातळ आणि स्वयंपाकघरातील फॉइल याहून कित्येक पट जाड, एवढे म्हटले की ही पट्टी कशी असते याची कल्पना यावी. तिचा रोध एक ओहमपेक्षाही कमी असल्याने तिच्यातून मिळणारा क्षीण विद्युतदाब वाढवण्यासाठी कवचाच्या बुडाशी ट्रान्सफॉर्मर असतो. पट्टी दोन्ही बाजूंनी उघडी असल्यामुळे माईक पुढचा आणि मागचा आवाज सारखाच घेतो, आणि बाजूंचा जवळजवळ घेतच नाही.

पाचवा प्रकार कंडेन्सर. १९१६ मध्ये ई. सी. वेन्टे यांनी तो सिद्ध केला. न्यूमन कंपनीच्या १९२८ च्या सीएमव्ही ३ पासून त्याचे नियमित उत्पादन सुरू झाले आणि १९४९ चा यू ४७ पुढे ध्वनिमुद्रणाच्या खोलीतील मानदंड ठरला. ताणलेला पडदा आणि त्याच्यामागे केसाहूनही कमी अंतरावर असलेली धातूची चकती मिळून एक कंडेन्सर, म्हणजे विद्युतभार साठवणारा कपॅसिटर, बनतो. त्याला सुमारे ६० व्होल्टचा दाब दिलेला असतो, आणि पडदा हलला की हा दाब बदलतो. एवढा नाजूक संकेत तारेतून नेता येत नाही, म्हणून माईकच्या पोटातच एक व्हॉल्व्ह बसवलेला असतो. आपल्याकडे असा व्हॉल्व्हचा माईक घरात सापडणे फार दुर्मीळ; सापडलाच तर त्याच्या वीजपुरवठ्याच्या पेटीत शंभराहून अधिक व्होल्ट असतात आणि स्विच बंद केल्यावरही आतले कपॅसिटर भारलेले राहू शकतात, म्हणून तो जाणकाराकडेच द्यावा. १९६२ मध्ये सेसलर आणि वेस्ट यांनी बेल प्रयोगशाळेत कायमचा भारित पडदा वापरणारा इलेक्ट्रेट माईक तयार केला. पेन्सिल सेलवर चालणारे जुने बारीक माईक बहुधा याच जातीचे असतात, आणि त्यात गळलेला सेल अडकला आहे का, एवढे आधी पाहावे.

या इतिहासाचा एक धागा आपल्या गावातूनही जातो. १९२९ मध्ये कोल्हापुरात स्थापन झालेल्या प्रभात फिल्म कंपनीने १९३२ मध्ये ‘अयोध्येचा राजा’ हा पहिला मराठी बोलपट इथेच तयार केला. तेव्हा पार्श्वगायनाची पद्धत आलेली नव्हती; नट कॅमेऱ्यासमोर प्रत्यक्ष गात, साथीदार चौकटीच्या बाहेर बसत, आणि माईकही चौकटीबाहेरच ठेवावा लागे. दूर ठेवलेल्या माईकने गाणे टिपावे पण आजूबाजूची खुडबुड टिपू नये, ही त्या काळाची खरी गरज होती, आणि विशिष्ट दिशेचाच आवाज घेणाऱ्या माईकसाठी जगभर इतके श्रम का झाले, हे यावरून समजते.

हातातला माईक ओळखणे

प्रथम नुसते पाहावे. जाळीतून विजेरीचा प्रकाश तिरपा टाकला आणि आत उभी, चकाकणारी, चुणीदार पट्टी दिसली, तर तो रिबन आहे, आणि त्या क्षणापासून त्याच्याशी वागण्याचे सगळे नियम बदलतात. कवच पुढून-मागून सारखेच जाळीदार असेल आणि आकाराच्या मानाने माईक जड लागत असेल, तरी रिबनचा संशय धरावा. नावाच्या पट्टीवरील मजकूर आणि मॉडेल क्रमांक टिपून घ्यावा. देशातील जुन्या ध्वनिवर्धन व्यवसायातील शिकागो रेडिओ आणि आहुजा ही नावे आपल्याकडे दिसू शकतात. शिकागो रेडिओची पट्टी तर स्वातंत्र्यलढ्यातील सभांच्या छायाचित्रांत माईकवर वाचता येते.

नंतर साधे सुईचे होकायंत्र माईकजवळ न्यावे. सुई जोरात वळली तर आत चुंबक आहे, म्हणजे तो डायनॅमिक किंवा रिबन आहे. सुई जेमतेम हलली तर क्रिस्टल, कार्बन किंवा कंडेन्सर असण्याची शक्यता वाढते. लोखंडी कवचानेही सुई थोडी हलते, हे मात्र लक्षात ठेवावे.

रिबन आणि कंडेन्सर नाही अशी खात्री झाल्यावरच मल्टिमीटर हाती घ्यावा. डायनॅमिक माईकच्या दोन टोकांना मीटर लावला की रोधाचा स्थिर आकडा दिसतो आणि कान जवळ नेल्यास पडद्यातून बारीकसा ‘टक्’ असा आवाज ऐकू येतो. हा आवाज आला म्हणजे वेटोळे शाबूत आहे, तार तुटलेली नाही. कार्बनमध्ये आकडा टिचकीबरोबर बदलतो. क्रिस्टलमध्ये मीटर काहीच दाखवत नाही, आणि ते बिघाडाचे लक्षण नव्हे. रिबनला मीटर लावायचा नाही, कारण मीटरचा इवलासा प्रवाहही ट्रान्सफॉर्मरमार्फत पट्टीला झटका देतो.

उघडणे आणि साफ करणे

कोल्हापुरातील कारखान्यांच्या वस्तीत, म्हणजे उद्यमनगरच्या परिसरात, ज्यांचे घर किंवा दुकान आहे, त्यांनी पुढचा मजकूर विशेष लक्षपूर्वक वाचावा. लेथ आणि ग्राइंडरच्या आसपासच्या हवेत, टेबलावर, अगदी कपड्यांवरही लोखंडाची सूक्ष्म भुकटी असते. माईकच्या चुंबकाला ती लांबूनच खेचता येते, आणि एकदा ती फटीत शिरली की वेटोळे घासू लागते किंवा रिबन एका बाजूला अडकते. म्हणून माईक कारखान्यात कधीही उघडू नये. घरी, धुतलेल्या पांढऱ्या कापडावर, पंखा बंद करून उघडावा. पांढऱ्या कापडावर पडलेला कण लगेच दिसतो आणि स्क्रूही हरवत नाहीत.

डायनॅमिक माईकच्या फटीत भुकटी शिरलेली असेल, तर ती फुंकून किंवा ब्रशने निघत नाही, कारण चुंबक तिला सोडत नाही. भिंतीला चित्रे चिकटवण्यासाठी मिळते तसली चिकट पुट्टी घ्यावी, तिचे टोक सुईसारखे निमुळते करावे, आणि भिंगातून पाहत एकेका कणाला टोक टेकवून तो उचलावा. प्रत्येक वेळी टोक नव्याने वळावे, नाहीतर उचललेले कण पुन्हा आत जातात. स्टीलचा चिमटा चुंबकाजवळ नेला की तो हातातून ओढला जातो आणि पडदा फाटतो. त्यासाठी पितळेचा चिमटा वापरावा.

जाळीच्या आतल्या बाजूला असलेला फोम जुन्या माईकमध्ये बहुधा कुजलेला असतो, आणि बोट लावताच त्याचा चिकट चुरा होतो. तो पूर्ण काढून तशाच विरळ छिद्रांचा नवा फोम घालावा. भांडी घासण्याचा दाट स्पंज घातला तर उंच स्वर दबतात. क्रोमच्या कवचावर किंचित ओलसर मऊ कापड पुरेसे आहे. गंज काढणारे तेलकट फवारे माईकच्या आसपासही आणू नयेत, कारण ते पडद्यापर्यंत पसरतात. कवच चकचकीत करण्याचा मोह आवरावा, असे मला मनापासून वाटते. सभांमधून, जलशांमधून फिरताना त्यावर पडलेले ओरखडे आणि मूळ रंग एकदा गेले की परत येत नाहीत.

रिबन सैल किंवा तुटलेली दिसली तर नवख्याने तिथेच थांबावे. योग्य जाडीची पट्टी मिळवणे, तिला चुण्या घालणे आणि योग्य ताण देऊन बसवणे हे स्वतंत्र कौशल्य आहे, आणि घरगुती फॉइल तिथे चालत नाही.

जोडणी

जुन्या माईकची मूळ पिन कापून टाकणे ही आपल्याकडची सर्रास सवय आहे, आणि ती मोडली पाहिजे. अनेक जुन्या माईकना आट्यांची, फिरवून बसवायची पिन असते, तर टेपरेकॉर्डरबरोबर आलेल्या माईकना बहुधा गोल डिन पिन असते. दोन्हींसाठी रूपांतराची वेगळी केबल तयार करून घ्यावी आणि माईक आहे तसा ठेवावा. आजच्या तीन पिनांच्या एक्सएलआर जोडणीत पहिली पिन जाळीच्या तारेची (केबलच्या आत तारांभोवती असलेल्या धातूच्या विणीची), दुसरी धन आणि तिसरी ऋण असते. स्टँडच्या आट्यांचाही घोळ होतो : अमेरिकी माईकना ५/८ इंच व्यासाचे, इंचात २७ आटे असतात, युरोपीय माईकना बहुतेक ३/८ इंची. दोन्हींना जोडणारा पितळी अडॅप्टर उद्यमनगरात कोणताही चांगला टर्नर करून देईल. मात्र त्याच्याकडे माप किंवा स्टँड न्यावा, माईक नेऊ नये.

यानंतरचा प्रश्न इम्पीडन्सचा, म्हणजे आवाजाच्या बदलत्या प्रवाहाला होणाऱ्या एकूण विरोधाचा, आणि जुन्या माईकबद्दलच्या निम्म्या तक्रारींचे मूळ इथे असते. क्रिस्टल माईक विजेच्या दृष्टीने एका लहान कपॅसिटरसारखा वागतो. त्याची क्षमता दीड नॅनोफॅरड धरली आणि तो १० किलोओहमच्या साध्या इनपुटला जोडला, तर सुमारे १०,६०० हर्ट्झच्या खालचे सगळे स्वर उतरत जातात, म्हणजे माणसाच्या आवाजाचा जवळजवळ सगळा गाभा हरवतो. तोच माईक १ मेगाओहमच्या इनपुटला जोडला की ही सीमा सुमारे १०६ हर्ट्झवर येते आणि आवाजाला अंग येते. म्हणून ‘आवाज पातळ येतो’ म्हणून फेकून दिलेला क्रिस्टल माईक आधी गिटारच्या अ‍ॅम्प्लिफायरला जोडून ऐकावा. हाय इम्पीडन्सच्या डायनॅमिक माईकचे उलटे असते. २५ किलोओहमच्या माईकला मीटरमागे १०० पिकोफॅरड क्षमतेची १० मीटर केबल जोडली, तर सुमारे ६,४०० हर्ट्झच्या वरचे स्वर गळू लागतात. अशा माईकला पाच मीटरहून लांब केबल जोडू नये.

फँटम पॉवरबद्दल विशेष सावधगिरी हवी. न्यूमनने १९६६ मध्ये केएम ८४ या माईकपासून ४८ व्होल्टचा पुरवठा माईकच्याच तारेतून देण्याची पद्धत आणली, आणि आजच्या बहुतेक मिक्सरवर तिचे बटण असते. केबल निर्दोष असेल तर दोन्ही तारांवर सारखाच दाब राहतो आणि ट्रान्सफॉर्मरमधून प्रवाह वाहत नाही. पण एक तार जाळीला टेकलेली असली, किंवा पिन घालताना एक टोक आधी लागले, तर ६.८ किलोओहमच्या रोधातून सुमारे ७ मिलिअँपियरचा झटका बसतो आणि रिबन ताणली जाऊ शकते. जुना माईक जोडण्याआधी हे बटण बंद आहे हे डोळ्यांनी पाहावे, आणि नुकतेच बंद केले असेल तर मिनिटभर थांबावे.

पहिला आवाज

स्पीकर बंद ठेवून हेडफोनवर ऐकावे आणि पातळी शून्यापासून हळूहळू वाढवावी. माईकसमोर वीतभर अंतरावरून, तोंड किंचित बाजूला ठेवून साधे बोलावे. टकटक करणे आणि फुंकणे दोन्ही टाळावे. रिबनला तर गाडीचे दार आपटल्याने येणारा हवेचा धक्काही बाधतो. मोठ्या आवाजावर खरखर होत असेल तर फटीत कण आहेत असे समजावे. सतत गुणगुण येत असेल तर जाळीची तार तपासावी. रिबनचा आवाज दबका आणि खर्जात फडफडणारा येत असेल, तर पट्टी सैल झाली आहे.

चांगल्या स्थितीतील रिबन माईक मिळाला तर तो एकदा बैठकीत वापरून पाहावा, कारण त्याची खरी ताकद तिथे कळते. गायक समोर, हार्मोनियम मागच्या बाजूला आणि तबला नेमका पट्टीच्या कडेच्या दिशेला ठेवला की, तबल्याची पातळी माईक किंचित वळवून ठरवता येते. गायकापासून हात-दीड हात अंतर ठेवावे. त्याहून जवळ गेल्यास खर्ज अवाजवी फुगतो. रिबनचा आवाज आजच्या कंडेन्सरच्या तुलनेत मंद वाटेल, पण तानपुऱ्याची जव आणि सारंगीचा घासलेला स्वर तो टोचू न देता टिपतो, आणि यासाठी मी इतर कोणत्याही माईकपेक्षा त्यालाच पसंती देईन.

खरेदी आणि जतन

विकत घेताना माईक चालू करून दाखवण्याचा आग्रह धरावा आणि कवच व आतली यंत्रणा एकमेकांची आहे का ते विचारावे. युनिडाइनच्या आकाराची सजावटीची नवी कवचे आज भरपूर मिळतात, आणि जुन्या कवचात स्वस्त नवी कॅप्सूल घातलेलीही असते. दुरुस्त केलेला माईक घेण्यात गैर काही नाही, फक्त तो मूळचा म्हणून घेऊ नये.

जून ते सप्टेंबर माईक घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावेत. निळे दाणे गुलाबी झाले की ते तापवून पुन्हा कोरडे करावेत. क्रिस्टल माईकला अतिकोरडी हवाही मानवत नाही, म्हणून त्याच्या डब्यात पुडी लहान असावी. रिबन माईक नेहमी उभा ठेवावा, आडवा पडून राहिला तर पट्टी स्वतःच्या वजनाने झोळते, आणि वाहून नेताना त्यावर दाट विणीची कापडी पिशवी चढवावी. प्रत्येक डब्यात एक चिठ्ठी ठेवावी : माईकचा प्रकार, इम्पीडन्स, कोणत्या पिनेवर कोणती तार आहे, काय बदलले आणि कधी, आणि रिबन असेल तर ‘फँटम देऊ नये, मीटर लावू नये’ ही सूचना ठळक अक्षरांत.